अहवालात स्फुरद भरपूर, तरी मका जांभळा: आधी मातीची घडण बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृष्णाकाठची भारी काळी जमीन. उसाचा खोडवा मोडून रब्बीत मका केला. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.३, चुनखडी ९ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के आणि उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी ३२ किलो, म्हणजे ‘भरपूर’च्या रकान्यात. पेरणीआधी एकरी दोन पोती डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं दाणेदार खत) फेकून रोटाव्हेटर मारला. तरी पंचवीस दिवसांच्या मक्याची खालची पानं कडेनं जांभळी पडली आहेत, वाढ खुंटली आहे. आणखी एक पोतं टाकू, १२:६१ (पाण्यात विरघळणारं स्फुरदाचं खत) सोडू, की स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरू?

पोतं टाकू नका. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला तरी वाटतं की स्फुरद तुमच्या मातीत आहे, मुळाला तो भेटत नाहीये. आणि न भेटण्याचं कारण जितकं चुनखडीत आहे, तितकंच किंवा त्याहून जास्त मातीच्या घडणीत आहे: रवा (मातीचे बांधलेले दाणे) कसा आहे, ढेकूळ कसं फुटतं, खाली तळ (दाबून कडक झालेला थर) बसलाय का, ओल कुठे टिकते. खत लागू होत नाही असं आपण म्हणतो तेव्हा दोष बहुतेक वेळा खताला किंवा चुन्याला देतो. घडणीकडे कुणी बघतच नाही, कारण तिचा आकडा अहवालात छापून येत नाही.

त्या अहवालाबद्दल आधी एक गोष्ट तपासा. ३२ हा आकडा नुसत्या फॉस्फरसचा आहे, की खताच्या पोत्यावर असतो तसा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा, म्हणजे ऑक्सिजनसकट मोजलेल्या स्फुरदाचा? काही प्रयोगशाळा एक छापतात, काही दुसरा. दोन्हींत २.२९ पटीचा फरक असतो. ३२ किलो पेंटॉक्साइड असेल तर प्रत्यक्ष फॉस्फरस १४ किलोच्या आसपास येतो आणि तुमची जमीन ‘भरपूर’वरून थेट ‘मध्यम’वर उतरते. रकान्याचं नाव बघून खात्री करा. पुढचं सगळं मी ३२ किलो फॉस्फरस आहे असं धरून लिहितो.

आता हा आकडा निघतो कसा ते बघा. प्रयोगशाळेत माती वाळवतात, कुटतात, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात. आपल्यासारख्या चुनखडीच्या जमिनीला ऑल्सेनची पद्धत लावतात: अडीच ग्रॅम माती, ५० मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण, अर्धा तास हलवायचं आणि द्रावणात किती स्फुरद उतरला ते मोजायचं. पद्धत चांगली आहे, १९५४ पासून जगभर वापरात आहे. पण तिच्यात मुळाला काहीच शोधावं लागत नाही. ढेकूळ फोडलेलं, रवा मोडलेला, पाणी भरपूर, द्रावण प्रत्येक कणाला भिडलेलं. तुमच्या रानात मात्र मुळाला त्याच मातीत वाट काढत जावं लागतं. म्हणजे अहवालातला आकडा घडण काढून टाकलेल्या मातीचा आहे.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या प्रयोगक्षेत्रावर ॲगडेल नावाचं शेत आहे. तिथल्या एकाच प्रकारच्या जमिनीत, वेगवेगळ्या पीकपद्धतींमुळे, काही भागात सेंद्रिय पदार्थ २.४ टक्के झाले होते आणि काही भागात १.५ टक्के. दोन्हीकडे स्फुरदाच्या वेगवेगळ्या पातळ्या ठेवून बटाटा, शुगरबीट आणि बार्ली घेतली. जास्त सेंद्रिय पदार्थ असलेल्या भागात बार्लीला कमाल उत्पादनाच्या ९५ टक्के गाठायला ऑल्सेन-स्फुरद किलोला १६ मिलिग्रॅम पुरला. कमी सेंद्रिय पदार्थांच्या भागात त्याच टप्प्याला ४५ लागला. बटाट्यात तर १७ विरुद्ध ६१. मग त्यांनी त्याच दोन्ही माती उचलून, कुटून, चाळून कुंड्यांत भरल्या आणि गवत लावलं. फरक जवळजवळ मिटला: २३ विरुद्ध २५. माती तीच, स्फुरद तोच, सेंद्रिय पदार्थही तेच. फक्त घडण मोडली, आणि चांगल्या जमिनीचा फायदा गेला. मातीच्या घडणीचं स्फुरदाशी काय नातं आहे हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. ज्याला दरवर्षी डीएपीची पोती वाढवावीशी वाटतात, त्याने हे आकडे समोर ठेवावेत.

असं का होतं हे कळायला स्फुरदाची चाल समजून घ्यावी लागते. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात, वाफशाला (जादा पाणी निचरून माती ओलसर असताना), साधारण एक लाख ८० हजार लिटर पाणी असतं. त्यात विरघळलेला स्फुरद लिटरला एक दशांश मिलिग्रॅम धरला, तर सगळा मिळून होतो १८ ग्रॅम. चांगला मका हंगामात एकरी आठ-दहा किलो स्फुरद उचलतो. म्हणजे ते १८ ग्रॅम हंगामभरात पाचशेच्या आसपास वेळा संपून पुन्हा भरले पाहिजेत. नत्राचं तसं नाही. नायट्रेट पाण्यासोबत वाहत मुळापाशी येतं. मका हंगामात ४०० मिलिमीटर पाणी प्याला तर ते एकरी १६ लाख लिटर झालं, आणि त्यासोबत आलेला स्फुरद फक्त १६० ग्रॅम. गरजेच्या दोन टक्के! उरलेला ९८ टक्के स्फुरद मातीच्या कणाभोवतीच्या ओलाव्याच्या पातळ थरातून, सरकत सरकत यावा लागतो. याला विसरण म्हणतात. त्याचा वेग दिवसाला मिलिमीटरचा आठवा भाग, तोही ओल चांगली असताना. म्हणून मुळाच्या भोवती एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यातला स्फुरदच त्याच्या वाट्याला येतो. तो संपला की मुळानं पुढे गेलं पाहिजे, नाहीतर उपास.

याचा अर्थ, स्फुरद मिळणं म्हणजे मुळानं किती माती पालथी घातली याचा हिशोब आहे. आणि मुळाला जायला वाट देणारी किंवा अडवणारी गोष्ट म्हणजे घडण.

आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण बहुतेक ठिकाणी ४० टक्क्यांच्या वर, कुठे ५०-६० टक्केही असतं. ही चिकणमाती सुटी नसते. सेंद्रिय पदार्थ, कॅल्शियम, मुळांचा चिकट स्राव आणि बुरशीचे तंतू तिला बांधून बारीक कण-समूह करतात, आणि ते समूह एकत्र येऊन रवा होतो. पाव मिलिमीटरपेक्षा मोठे रवे हे मुळांच्या आणि बुरशीच्या जोरावर टिकतात, म्हणून मशागतीनं तेच आधी मोडतात. त्याहून बारीक समूह जास्त टिकाऊ असतात. दोन रव्यांच्या मधल्या मोठ्या पोकळ्यांतून हवा आणि मुळं जातात. रव्याच्या आत अतिशय बारीक छिद्रं असतात. मक्याच्या बारीक उपमुळाची जाडीही मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जास्त असते, केसमुळाची शंभराव्या भागाइतकी, आणि बुरशीचा तंतू त्याहूनही बारीक असू शकतो. मूळ आपलं टोक बारीक करून अरुंद छिद्रात घुसू शकत नाही. त्यामुळे रव्याच्या पोटातला स्फुरद पेवात बंद असलेल्या धान्यासारखा असतो: मोजदादीत आहे, ताटात नाही.

टाकलेलं खत विरघळलं की स्फुरद आधी रव्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटतो. तिथून तो मुळाला सहज मिळतो, कारण मूळ त्याच अंगाला घासत जातं. पुढच्या आठवड्या-महिन्यांत तो हळूहळू आत झिरपतो आणि चुनखडीच्या पृष्ठभागावर कॅल्शियमशी जुळून आधी डायकॅल्शियम फॉस्फेट, मग ऑक्टाकॅल्शियम, मग त्याहून कमी विरघळणाऱ्या रूपात जात राहतो. जमिनीचा रवा चांगला असेल तर ही आत जाण्याची क्रिया सावकाश होते आणि पिकाला तेवढा अवधी मिळतो. आता त्याच जमिनीत रोटाव्हेटरनं सगळं पीठ करा. हिशोब सोपा आहे: दहा मिलिमीटरचं ढेकूळ एक मिलिमीटरच्या तुकड्यांत फोडलं की बाहेरचा पृष्ठभाग दहापट होतो. एरवी जी चुनखडी आणि चिकणमाती आत झाकलेली राहिली असती ती सगळी उघडी पडते आणि डीएपीचा स्फुरद तिच्यात वाटला जातो. फेकून रोटाव्हेटर मारणं म्हणजे स्फुरद जास्तीत जास्त मातीला भिडवणं. नत्राला हे चाललं असतं. स्फुरदाला हा सर्वांत तोट्याचा मार्ग.

याचा अर्थ ढेकळं तशीच ठेवावीत असा नाही. मुठीएवढ्या ढेकळाच्या पोटात मूळ शिरतच नाही, त्यातला स्फुरद असून नसल्यासारखा. एक ते पाच मिलिमीटरचा रवा, हाताला भुसभुशीत पण पीठ नाही, ही अवस्था हवी. काळ्या जमिनीचं एक मोठेपण असं की ती सुकताना आणि भिजताना आपणहून फुटते. उन्हाळ्यात तापलेलं ढेकूळ वळवाच्या पहिल्या पावसात विरघळून रवाळ होतं. नांगरट करून उन्हात तापू द्यायची आणि पावसानंतर कुळवाची पाळी घालायची, या जुन्या पद्धतीत हे काम फुकटात होत होतं. खोडवा मोडून लगेच पेरायची घाई असते तेव्हा ती संधी मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याची भरपाई रोटाव्हेटरच्या दोन-तीन पाळ्यांनी होत नाही.

रोटाव्हेटरचा दुसरा परिणाम दिसत नाही, कारण तो खाली असतो. पात्यांच्या टोकाखाली, साधारण चार-सहा इंचांवर, ओल्या मातीत घासून-घासून एक तळ तयार होतो. उसाच्या रानात त्याच्या जोडीला भरलेल्या ट्रॉल्या आणि तोडणीची यंत्रं असतात, आणि कारखान्याची तोड आली की वाफसा असो-नसो ती रानात येतात. चिकणमाती ओली असताना दाबली की मोठ्या पोकळ्या आधी मिटतात, म्हणजे नेमक्या मुळाच्या वाटा. मातीचा विरोध चौरस सेंटिमीटरला वीसेक किलोच्या वर गेला की बहुतेक पिकांची मुळं थांबतात किंवा आडवी वळतात. मग मक्याचं मूळ वरच्या पाच इंचांतच फिरत राहतं, तेवढ्याच मातीतला स्फुरद चाटून संपवतं, आणि खालचा सगळा साठा तसाच राहतो. शिवाय तळावर पाणी तुंबतं, हवा कोंडते, आणि श्वास कोंडलेलं मूळ समोर असलेला स्फुरदही उचलू शकत नाही, कारण स्फुरद आत घ्यायला मुळाला ऊर्जा खर्चावी लागते.

इथे एक बारकावा आहे. थोडासा दाब स्फुरदाच्या फायद्याचा असतो. पेरल्यावर फळी फिरवली, बी आणि माती यांचा स्पर्श झाला, की ओलाव्याचा थर सलग होतो आणि विसरण वाढतं. अति पोकळ, फुगलेल्या रानात मूळ हवेत लोंबतं आणि वरची माती दोन दिवसांत सुकते. म्हणजे पीठ झालेली माती आधी फुगलेली असताना नडते आणि पहिल्या पाटपाण्यानंतर बसून दगड होते तेव्हाही नडते.

ओलीचा मुद्दा तर आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. माती सुकते तसा ओलाव्याचा थर पातळ होतो, तुटतो, आणि स्फुरदाची वाट वाकडी-तिकडी होत जाते. स्फुरद जागचा हलत नाही. आणि आपण खत टाकतो ते वरच्या दोन-तीन इंचांत, जो थर सगळ्यांत आधी सुकतो. सोलापूरकडच्या कोरडवाहू रब्बी ज्वारीत ही अडचण उघड दिसते: पीक खालच्या साठलेल्या ओलीवर जगतं, खत मात्र वरच्या कोरड्या मातीत पडून असतं. दोन चाड्यांच्या पाभरीनं (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत) बियाण्यासोबत खत खोल, ओलीत पेरायची शिफारस यासाठीच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीतही हाच अनुभव आला. वरचा थर स्फुरदानं भरलेला आणि खालचा रिकामा झालेला, म्हणून तिथे २० सेंटिमीटर खोलीवर पट्ट्यांत स्फुरद पुरण्याचे प्रयोग झाले आणि त्यांना उत्पादनवाढ मिळाली. तुमचं रान बागायती आहे, पण पहिलं पाणी आणि दुसरं पाणी यांत वरची माती किती दिवस कोरडी होती हे आठवून बघा.

आता चुनखडीबद्दल. चुनखडी स्फुरद धरते हे खरं, पण काळी जमीन स्फुरद गिळून टाकते हा समज मला पटत नाही. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत झालेल्या प्रयोगांत ज्वारीला लाल जमिनीच्या मानानं काळ्या जमिनीत कमी ऑल्सेन-स्फुरद पुरला. काळी जमीन धरलेला स्फुरद बराचसा परतही देते. मुळं पोचली आणि ओल असली तर. टाकलेल्या खतातला स्फुरद पहिल्या पिकाला साधारण १५-२० टक्केच मिळतो, पण बाकीचा नाहीसा होत नाही, पुढच्या पिकांसाठी उरतो. तुमच्या शेतात वर्षानुवर्षं १०:२६:२६ आणि डीएपी पडलेलं असणार. ३२ चा आकडा त्याच साठ्याची साक्ष देतो.

उलट उदाहरण कोकणातलं आहे आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिथल्या जांभ्याच्या लाल मातीची घडण दिसायला उत्तम असते. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी बांधलेला रवा इतका पक्का की पाण्यात टाकला तरी मोडत नाही, निचरा चांगला, मुळं मोकळी. तरी स्फुरदाची ओढ आहे, कारण तेच ऑक्साइड स्फुरद घट्ट पकडतात आणि आम्लधर्मी सामूत ती पकड आणखी वाढते. भातखाचरात पाणी साठलं की हवेअभावी लोहाचं रूप बदलतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद सुटतो. भाताला तो मिळतो. खाचर सुकलं की लोह पुन्हा ताज्या, अधिक पकडणाऱ्या रूपात येतं आणि मागून घेतलेल्या वालाला-कुळथाला स्फुरद कमी पडतो. तिथे उपाय वेगळे: चुना, रॉक फॉस्फेट, सेंद्रिय खतात मिसळून ओळीत दिलेलं खत. काळ्या जमिनीत रॉक फॉस्फेट टाकणं मात्र पैसे पुरून ठेवण्यासारखं आहे, आपल्या सामूला ते विरघळत नाही. कोकणातल्या मित्राचं ऐकून ते आणू नका.

तिसरा प्रकार तुमच्या शेजारीच असेल: चोपण जमीन. कृष्णा-वारणा काठच्या बऱ्याच रानांत अति पाण्यामुळे सोडियम वर आलेला आहे. सोडियमनं चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, रवा नाहीसा होतो, ओली माती साबणासारखी चोपडी आणि सुकली की सिमेंटसारखी. गंमत म्हणजे सोडियममुळे स्फुरद जास्त विरघळतो, त्यामुळे चोपण जमिनीचा अहवाल स्फुरदाच्या बाबतीत बहुधा छानच येतो. आकडा भरपूर आणि मुळाला श्वास नाही. म्हणून ‘भरपूर’ आणि ‘जांभळा मका’ एकत्र दिसले की मी सोडियम तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तुमचा सामू ८.३ आहे, साडेआठच्या आत आहे, त्यामुळे कदाचित चोपण नसेल. पण काळ्या जमिनीत विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण (मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंत त्याचा वाटा) १५ टक्क्यांच्या बरंच खाली असतानाही घडण बिघडायला लागते.

आणि आता तो भाग, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: मायकोरायझा, म्हणजे मुळांत राहून त्यांच्याशी देवाणघेवाण करणारी बुरशी. हिचे तंतू मुळापासून काही सेंटिमीटर लांब जातात, जिथे केसमूळ मिलिमीटरभरच पोचतं. रव्यांमधल्या आणि काही अंशी रव्यांच्या आतल्या छिद्रांतून ते स्फुरद आणतात, आणि जाता जाता तोच रवा बांधतातही. एका पिकाच्या मुळांवर वाढलेलं जाळं पुढच्या पिकाला तयार मिळतं. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात मक्यावरच याचा पद्धतशीर अभ्यास झाला: माती न ढवळता मका लावला तेव्हा रोपावस्थेत त्यानं जास्त स्फुरद उचलला, तीच माती ढवळली की जाळं तुटलं आणि सुरुवातीचा उचल घटला. तुमच्या मक्याचं वय आणि रोटाव्हेटर, दोन्ही या चित्रात नेमके बसतात. ऊस ही बुरशी पोसतो, म्हणजे खोडव्याच्या मुळांवर जाळं होतं. ते आपण पात्यांनी चिरलं. त्यात दोन पोती डीएपी पडल्यावर मका तिला पोसायचंही कमी करतो. जवळ भरपूर स्फुरद असलेलं मूळ बुरशीला साखर देत नाही. तीच बुरशी जस्तही आणते, आणि जादा स्फुरदानं जस्ताची कमतरता वाढते, म्हणून पोती वाढवण्याला माझा दुहेरी विरोध आहे.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरा, हरकत नाही, खर्च थोडा आहे. पण ०.४५ टक्के कर्बाच्या, तळ बसलेल्या मातीत ते काय खाणार आणि कुठे राहणार? शेणखतात वाढवून दिले तर काही पदरात पडेल. नुसते ड्रीपनं सोडून फार आशा धरू नका.

उभ्या पिकाचं आता काय करायचं? पंचवीस दिवसांच्या मक्याचा जांभळेपणा थंड रात्रींनीही वाढतो, काही संकरित वाणांत तो मुळातच जास्त असतो, आणि मूळ खोल गेलं की पुष्कळदा आपोआप निवळतो. आधी कोवळी पानं बघा: त्यांच्या बुडाशी शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टे असतील तर जस्त कमी आहे, त्याची फवारणी करा. वाफसा आला की कोळपणी करा, पाणी हलकं आणि थोड्या अंतरानं द्या, साठू देऊ नका. १२:६१ ची लिटरला पाच ग्रॅमनं एक फवारणी चालेल, पण तिच्याकडून काय मिळतं ते समजून घ्या: एकरी २०० लिटर पाण्यातून एक किलो खत, म्हणजे फॉस्फरस पाव किलोच्या आसपास. रोपाला धक्क्यातून बाहेर काढायला तो उपयोगी, आठ-दहा किलोची गरज तो भागवू शकत नाही.

याच आठवड्यात, वाफशाला, दोन ठिकाणी फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. एक जिथे मका जास्त जांभळा आहे तिथे, दुसरा बांधाजवळ, जिथून यंत्र फिरलं नाही. फावड्यानं कापलेली बाजू चाकूनं हलकेच उकरा आणि दोन्ही शेजारी शेजारी बघा. मुळं किती इंचांवर आडवी वळली, माती रव्यात फुटते की थरांच्या चकत्या निघतात, गांडुळांची बिळं आहेत का. बिळाच्या कडेची माती स्फुरदानं समृद्ध असते आणि मुळं त्याच वाटेनं खाली जातात, त्यामुळे बिळं दिसली तर ती मोठी जमेची बाजू. दोन्ही खड्ड्यांतलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी चाचणी फसते. ढेकूळ विरघळून रवा खाली बसला आणि पाणी नितळ राहिलं तर घाबरू नका, काळी माती तशी विरघळतेच. दिवसभरानं पाणी दुधासारखं गढूळ राहिलं तर सोडियम आहे असं समजा आणि विनिमययोग्य सोडियमची तपासणी करून घ्या.

तळ सापडला तर मका निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये माती खोलवर कोरडी असताना सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं अवजार) चालवा. कोरड्यात तळ तडकतो. ओल्यात तो नुसती चीर पाडून पुढे जातो आणि कडा आणखी चोपडतो. फोडलेला तळ पुन्हा बसू नये म्हणून लगेच त्यात मुळं गेली पाहिजेत: ताग किंवा धैंचा घेऊन पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी गाडा, किंवा तूर घ्या. तुरीचं सोटमूळ तळ भेदतं, आणि तिच्या मुळांतून स्रवणारं पिसिडिक आम्ल लोहाला चिकटलेला स्फुरद सोडवतं हे इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं. काळ्या चुनखडीच्या जमिनीत त्याहून जास्त काम हरभऱ्याचं, कारण त्याच्या मुळांचं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला बांधलेल्या स्फुरदावर चालतं. तुमच्या ऊस-मका फेऱ्यात एखादा हरभरा बसवता आला तर मला फार आवडेल. पाचट जाळू नका, हे तुम्हाला माहीत असेलच.

पुढच्या मक्याला स्फुरद पाव ते निम्मा कमी करा आणि जो द्याल तो पेरून द्या: बियाण्याच्या दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली. डीएपी बियाण्याला चिकटून पडू देऊ नका, आपल्या सामूला त्यातून सुटणारा अमोनिया कोंब भाजतो. मला विचाराल तर डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, कुजलेल्या शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस ठेवा आणि तेच ओळीत द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं चुनखडीवरच्या जागा आधीच अडवतात, शिवाय गंधक मिळतं. ड्रीप असेल तर फॉस्फरिक ॲसिड किंवा १२:६१ हप्त्यांनी देणं चांगलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात आयर द्वीपकल्पाच्या अति चुनखडीच्या जमिनीत दाणेदार खतापेक्षा द्रवरूप स्फुरद सरस ठरला, कारण दाणा स्वतःकडे पाणी ओढतो आणि त्याच्या कडेलाच स्फुरद कॅल्शियमबरोबर अडकून बसतो.

रोटाव्हेटर बंद करा असं म्हणत नाही. एकच पाळी, उथळ, आणि फक्त वाफशाला. चार इंचांवरच्या मातीचा हातात गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर यंत्र घाला, चपटा होऊन बसला तर थांबा.

खड्ड्यात तळ किती इंचांवर लागला आणि पेल्यातलं पाणी दिवसभरानं कसं दिसलं, एवढं मला कळवा. गढूळ निघालं तर जिप्सम किती टाकायचं आणि निचऱ्याचे चर कुठे काढायचे हे सोडियमचा आकडा हाती आल्यावर वेगळं बघावं लागेल. तोपर्यंत सबसॉयलरचा खर्चही करू नका, कारण चोपण मातीत फोडलेला तळ एका पाण्यात पुन्हा मिटतो.